कुत्रा कुणाचा? पाळणे, सांभाळणे आणि १८३२ ची मुंबई

१/
जून १८३२. मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, भटकी कुत्री मारण्याची सरकारी मोहीम सुरू आहे. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. ६ जून रोजी जमाव पोलिसांवर धावून जातो, ७ जून रोजी बाजार बंद पडतो आणि शेवटी लष्कर रस्त्यावर उतरते. निमित्त काय, तर कुत्रे. आजचा धागा या दंगलीपासून सुरू होईल. पण त्याचा खरा विषय निराळा आहे. एखादे जनावर ‘आपले’ म्हणायचे, तर आपल्यावर नेमके काय येऊन पडते? हा प्रश्न आपल्याकडे किमान दोन हजार वर्षे विचारला जात आहे. 🧵

२/
आधी पार्श्वभूमी. मुंबई सरकारने १८१३ पासून वर्षातील ठरावीक काळात मोकाट कुत्री मारण्याची मुभा दिली होती. कारण उघड होते : पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश. त्या काळी त्यावर कोणताही इलाज नव्हता. एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस जात असे. तेव्हा सरकारची भीती खोटी नव्हती, हे प्रथम मान्य करायला हवे. इतिहास वाचताना एक बाजू दुष्ट आणि दुसरी दयाळू असे वाटप करून टाकणे सोपे असते; येथे ते करून चालणार नाही.

३/
१८३२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मोहिमेची मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली, आणि प्रतिकुत्रा आठ आणे हा दर लोभाला पुरेसा ठरला. कुत्री मारणारे लोक रस्त्यावरचीच नव्हे, तर घरांच्या आवारातील माणसाळलेली कुत्रीही उचलतात, अशी लोकांची तक्रार होती. बक्षीस मृत कुत्र्यावर होते, त्याच्या भटकेपणावर नव्हते. मेलेल्या कुत्र्याला ‘तू कुणाचा?’ असे विचारता येत नाही.

४/
६ जून हा पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. त्या दिवशीही मोहीम थांबली नाही, तेव्हा सुमारे दोनशे लोकांच्या जमावाने युरोपीय शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. त्यात पारश्यांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही होते. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. सरकारने जमावबंदी पुकारली, सैन्य बोलावले, धरपकड केली. पुढे खटले चालले आणि काहींना शिक्षाही झाल्या.

५/
पारशी समाज इतका का पेटला? ‘त्यांच्या धर्मात कुत्रा पवित्र आहे’ हे उत्तर अर्धवट आहे. जरथुश्त्री परंपरेत मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी दाखवण्याचा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे, हे खरेच. परंतु अवेस्तातील ‘वेंदिदाद’ या ग्रंथाचे तेरावे आणि पंधरावे प्रकरण उघडून पाहिले, तर कुत्र्याच्या पूजेपेक्षा माणसाच्या कर्तव्यांचीच यादी अधिक लांब दिसते. पवित्र ठरवून मोकळे होण्याची सोय त्या ग्रंथाने ठेवलेली नाही.

६/
वेंदिदादात कुत्र्यांचे प्रकार सांगितले आहेत : कळप राखणारा, घर राखणारा, आणि ‘वोहुनझ्ग’, जो यांपैकी कोणतेही काम करत नाही व केवळ पोटापुरते मागतो. आता अन्नाचा नियम पाहा. कळपाच्या कुत्र्याला निकृष्ट अन्न घालणे म्हणजे पहिल्या प्रतीच्या घराच्या धन्याला निकृष्ट अन्न वाढणे. घरच्या कुत्र्याला तसे घालणे म्हणजे मध्यम घराच्या धन्याला वाढणे. आणि त्या बिनकामाच्या वोहुनझ्गाला? दारी आलेल्या धर्मपुरुषाला निकृष्ट अन्न वाढण्यासारखे. म्हणजे ज्याचा आपल्याला काडीचाही उपयोग नाही, त्याचीही पायरी ठरलेली आहे, आणि ती पाहुण्याची आहे.

७/
पंधराव्या प्रकरणात तर बारकाव्यांची कमाल आहे. कुत्र्याला अतिकठीण हाड देऊन त्याच्या घशाला किंवा दातांना इजा करणे, फार कढत अन्न देऊन त्याचे तोंड पोळणे, ही पापे गणली आहेत. गाभण कुत्री कुणाच्या आवाराजवळ येऊन व्याली, तर ती कुणाची हा वाद न घालता ज्याचे घर सर्वांत जवळ त्याने तिला आणि पिलांना सांभाळायचे. किती दिवस? पिलांना दोनदा सात, म्हणजे चौदा घरांभोवती धावता येईपर्यंत. जबाबदारीची मुदत दिवसांत न मोजता पिलाच्या पायांतल्या बळाने मोजलेली आहे.

८/
आणि पिसाळलेला कुत्रा? तोही ग्रंथाच्या नजरेतून सुटलेला नाही. त्याच्या गळ्यात लाकडी अडणा घालावा, त्याला बांधून ठेवावे, आणि श्रद्धावान माणसावर करावेत तसे उपचार करून पाहावेत, असे तेथे सांगितले आहे. येथे थोडे थांबू. १८३२ च्या सरकारची भीती आणि या ग्रंथाची भीती एकच आहे. फरक एवढाच की ग्रंथ धोक्याची जबाबदारी भोवतालच्या माणसांवर टाकतो, तर सरकारी आदेश ती जनावराच्या जिवावर टाकतो.

९/
‘हे सारे इराणचे, आपल्याकडे काय?’ असा प्रश्न येणारच. आपल्या धर्मशास्त्रांत यासाठी ‘स्वामिपालविवाद’ हे स्वतंत्र व्यवहारपद आहे. स्वामी म्हणजे जनावराचा मालक आणि पाल म्हणजे राखणारा गुराखी. या दोघांमधील तंटे. मनुस्मृतीचा एक नियम अगदी व्यवहारी आहे : जनावराच्या बऱ्यावाईटाचा दोष दिवसा गुराख्यावर आणि रात्री, जनावर धन्याच्या घरी आलेले असताना, धन्यावर. चोवीस तासांतली एकही घटका अशी ठेवलेली नाही, जिच्यात कुणीच उत्तरदायी नाही.

१०/
कौटिल्याचे अर्थशास्त्र आणखी पुढे जाते. शिंगांच्या किंवा दाढांच्या जनावराने कुणावर हल्ला केला आणि मालकाने त्या माणसाला सोडवले नाही, तर मालकाला दंड. त्या माणसाने मदतीसाठी हाक मारूनही सोडवले नसेल, तर दुप्पट दंड. याज्ञवल्क्यस्मृतीतही जवळजवळ हाच नियम आहे. आणि महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानला गेलेला ‘मिताक्षरा’ हा ग्रंथ याच स्मृतीवरील टीका आहे. ‘आमचा काही करत नाही हो’ असे जिन्यात उभे राहून म्हणणाऱ्या आजच्या श्वानमालकांना हा नियम ऐकवावासा वाटतो.

११/
अर्थशास्त्रातील ‘गोऽध्यक्ष’ प्रकरणात दुसरी बाजू आहे, जनावराप्रती असलेले कर्तव्य. लहान, म्हाताऱ्या आणि आजारी गुरांवर गुराख्यांनी उपचार करावेत. बुजऱ्या जनावरांच्या गळ्यात घंटा बांधावी, म्हणजे साप व श्वापदे दूर राहतील आणि जनावर कुठे चरते आहे तेही कळेल. गळ्यातली घंटा आपण आज शोभेची वस्तू मानतो. मुळात ती मालकाच्या कानाला जनावराशी बांधून ठेवणारी दोरी होती.

१२/
भाषेनेही हे जपून ठेवले आहे. मराठीत आपण जनावर ‘पाळतो’, शब्द ‘पाळतो’ आणि नियमही ‘पाळतो’. संस्कृतातील ‘पाल्’ या धातूचा अर्थ रक्षण करणे. दिलेला शब्द मोडला की माणूस बेइमान ठरतो. मग पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडणाऱ्याला काय म्हणावे? आपल्या पूर्वजांनी दोन्हींसाठी एकच क्रियापद वापरले, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

१३/
महाराष्ट्रात या विषयाचे नाव काढले की खंड्याची आठवण होते. छत्रपती शाहू महाराजांच्या या लाडक्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला दाखवतात. शिकारीच्या वेळी वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचवले, अशी कथा आहे. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे की महाराजांनी त्याला भरजरी वस्त्रे व दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, त्याच्या नावे जहागिरीची सनद काढली आणि पालखीचा मान दिला.

१४/
डफ हा सारा प्रकार राजाचा लहरीपणा म्हणून सांगतो. मला मात्र त्यातला एक तपशील महत्त्वाचा वाटतो : पालखीचा लवाजमा खरोखरच चालू ठेवला गेला, असे तोच नमूद करतो. कृतज्ञता शब्दांवर न थांबता खर्चाच्या बाजूला मांडली गेली. अर्थात राजाच्या कुत्र्याला जहागीर मिळते. रयतेच्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा. आपल्या घरांतून वैश्वदेवाच्या वेळी कुत्र्या-कावळ्यांसाठी काढलेला घास, गोग्रास, आणि पारशी घरांतून बाजूला ठेवला जाणारा कुत्र्याचा घास, ही त्या सामान्य जबाबदारीची रूपे होती.

१५/
आता पुन्हा १८३२ कडे वळू. सरकारच्या लेखी कुत्र्यांचे दोनच वर्ग होते : मालकाचा आणि भटका. शहराच्या लेखी तिसराही वर्ग होता : गल्लीचा कुत्रा. तो एका माणसाचा नसतो, पण त्याला आळी ओळखते, तो आळीला ओळखतो, रात्री अनोळखी पाऊल वाजले की भुंकतो. मालकीचा कागद नाही, म्हणून तो कुणाचाच नाही, हे गणित त्या शहराला मान्य नव्हते. माझ्या मते त्या दंगलीच्या मुळाशी हा वर्गीकरणाचा झगडा होता.

१६/
परंतु येथे शहराच्या बाजूचीही कसोटी लागते. ‘तो आमचा आहे’ असे म्हणणाऱ्या आळीने, तो पिसाळल्यावर त्याला बांधून ठेवले असते का? तो एखाद्या पोराला चावल्यावर उत्तर देण्यास कोण पुढे आले असते? घास घालणारे हात पुष्कळ असतात; उत्तर देणारे तोंड एकही नसते. गल्लीचा कुत्रा सर्वांचा असतो, या वाक्यात ममता आहे. आणि पळवाटही आहे.

१७/
या पळवाटेला मुंबईने एक संस्थात्मक उत्तर शोधले. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने भुलेश्वर परिसरात पांजरपोळ स्थापन झाला. पारंपरिक सांगण्यानुसार, सरकारी गोळ्यांपासून मोकाट जनावरे वाचवणे हा त्याचा एक हेतू होता. जमशेटजी तेव्हा ‘सर’ झालेले नव्हते; तो किताब १८४२ चा. दंगलीनंतर सरकार आणि जमात यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या प्रतिष्ठितांमध्ये तेही होते.

१८/
पांजरपोळ ही मुंबईची नवी कल्पना नव्हे. गुजरातेत तिची परंपरा जुनी आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाले १६२३ मध्ये खंबायतेस आला होता, तेव्हा त्याने तेथील पक्ष्यांचे रुग्णालय पाहून आश्चर्याने त्याचे वर्णन लिहून ठेवले. अशा संस्थांचा खर्च बहुधा व्यापारी मालावर स्वखुशीने बसवलेल्या ‘लागा’तून चाले. म्हणजे शहराच्या प्रत्येक सौद्यातील काही अंश बिनधन्याच्या जनावरांकडे जाई. ही व्यवस्था मला आजही थोर वाटते.

१९/
तरीही प्रत्येक थोर व्यवस्थेची एक सावली असते. पांजरपोळ असला म्हणजे धन्याला दार सापडते. बैल थकला, गाय आटली, कुत्रा म्हातारा झाला, नेऊन सोडा. मारल्याचे पाप लागत नाही आणि सांभाळण्याचे कष्टही उरत नाहीत. जे घर अनाथांसाठी बांधले, तेच नवे अनाथ निर्माण करण्याची सोय होऊन बसते. दयेने जबाबदारीची जागा घेतली की असे घडते. आणि यात दोष दया करणाऱ्याचा नसतो, तर त्या दयेवर हवाला ठेवून हात झटकणाऱ्याचा असतो.

२०/
आता कायद्याचा प्रवास पाहू. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २८९ ने आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे, हा गुन्हा ठरवला. कौटिल्याचाच विचार, नव्या पोशाखात. पण त्याच संहितेत जनावर मारण्याच्या गुन्ह्यासाठी कलम ४२८ मध्ये दहा रुपये किमतीची अट होती. म्हणजे गल्लीतल्या कुत्र्याला त्या कलमात जागाच नव्हती. १८३२ मध्ये मेल्यावर त्याची किंमत आठ आणे होती. १८६० मध्ये जिवंतपणी तीही नव्हती.

२१/
गुरांसाठी १८७१ चा कायदा आला आणि त्यात कोंडवाड्यांचे नियम होते : दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडायचे, धन्याने दंड भरून सोडवायचे. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी सोसायटी निघाली. १८८० च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पांजरपोळ आसरा देत होता. येथे उपचार मिळू लागले. ‘मारू नये’ यापासून ‘बरे करावे’ इथवरचा हा टप्पा फार मोठा होता.

२२/
१८८५ मध्ये पॅरिसला लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस टोचली आणि तो वाचला. १९०० मध्ये कसौली येथे भारतातील पाश्चर संस्था उघडली. येथे नैतिक प्रश्नाचे स्वरूपच बदलते. १८३२ मध्ये ‘कुत्रा मारू की माणूस मरू देऊ’ असा पेच होता. लस आल्यावर, आणि पुढे कुत्र्यांनाही ती टोचता येऊ लागल्यावर, तो पेच उरला नाही. उरला तो फक्त आळस. आज आपल्या कुत्र्याला लस न टोचणारा मालक दैवाला दोष देऊ शकत नाही.

२३/
यानंतरचा मोठा वाद १९२६ चा, अहमदाबादचा. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातील सुमारे साठ मोकाट कुत्री पिसाळण्याच्या भयाने मारवली. शहरात संताप उसळला. सर्वांना वाटले, अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजी याचा निषेध करतील. गांधीजींनी उलट म्हटले की त्या परिस्थितीत दुसरा इलाज नव्हता. ‘यंग इंडिया’त त्यांनी यावर लेखमालाच लिहिली आणि रागाने भरलेल्या पत्रांना उत्तरे देत राहिले.

२४/
गांधीजींच्या म्हणण्याचा गाभा असा : बिनधन्याचा कुत्रा रस्त्यावर असणे हीच समाजाची लाज आहे. दारात आलेल्या कुत्र्याला तुकडा फेकणे ही दया नव्हे. दया करायचीच असेल, तर त्याला घरी ठेवा, त्याचे धनी व्हा, किंवा त्याला सांभाळणारी संस्था चालवा. तुकडा फेकणाऱ्याला पुण्याचे समाधान मिळते आणि कुत्र्याला मिळते ती उपासमार. त्यांचा निष्कर्ष कठोर आहे, आणि मला तो पूर्णपणे पटत नाही. गल्लीच्या कुत्र्याची ती जुनी नाती त्यात हिशेबातच धरलेली नाहीत. पण त्यांचा प्रश्न टाळता येत नाही : तुमची दया कुठवर सोबत करते?

२५/
१८९० च्या क्रौर्यप्रतिबंधक कायद्याची नजर मुख्यतः रस्त्यावर, लोकांना दिसणाऱ्या क्रौर्यावर होती. घराच्या चार भिंतींआड काय चालते, हे त्याच्या कक्षेत फारसे येत नव्हते. १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हे बदलण्यासाठी खासगी विधेयक आणले. पंतप्रधान नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि त्यातून १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक अधिनियम झाला. त्यानंतर स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच.

२६/
या कायद्याचे तिसरे कलम प्रत्येक श्वानमालकाने वाचावे. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्याच्या कल्याणासाठी वाजवी ते सर्व करणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. अकराव्या कलमात पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे, कुत्र्याला कायम साखळीला बांधून फिरवण्यास न नेणे, आणि रास्त कारणाविना प्राणी सोडून देणे, हे सारे गुन्हे आहेत. होय, ‘सोडून देणे’ हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. १९६० मध्ये त्या रकमेला वजन होते. आज एका वडापावाच्या किमतीत कर्तव्यातून सुटता येते.

२७/
२०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जनावर मारण्याच्या गुन्ह्यातील किमतीची अट गेली आहे. कलम ३२५ खाली आता गल्लीतला कुत्राही येतो. दहा रुपयांपासून ‘कोणताही प्राणी’ इथवर पोहोचायला १६० हून अधिक वर्षे लागली. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीतील मोकाट कुत्र्यांचा प्रश्न आला, तेव्हा देशभर पुन्हा तोच वाद पेटला : हटवा की राहू द्या, खाऊ घाला की नको. १८३२ चेच शब्द, फक्त पडद्यावर.

२८/
हा सारा इतिहास एकत्र ठेवला की जनावराच्या धन्यावर तीन ऋणे दिसतात. पहिले जनावराचे : योग्य अन्न, उपचार, हालचाल. दुसरे शेजाऱ्याचे : लस, पट्टा, आणि हाक आल्यावर धावून जाणे. तिसरे काळाचे : ते म्हातारे होईपर्यंत, आणि त्यानंतरही, धनी राहणे. पहिली दोन बहुतेक लोक फेडतात. तिसऱ्यापाशी आपण अडखळतो.

२९/
आपण अडखळतो, असे मी मुद्दाम म्हटले. मी आठवीत असताना वडिलांची बदली झाली. आमच्याकडे मोती नावाचा कुत्रा होता. सात वर्षांचा, उजवा कान फाटलेला. नव्या शहरातील भाड्याच्या घरात कुत्रा चालणार नव्हता. ‘शेजारचे बघतील, त्यांचाही लळा आहेच त्याला’ असे ठरले. सामानाच्या टेम्पोमागे तो नाक्यापर्यंत धावला. पुढे वर्षभराने आम्ही गेलो, तेव्हा तो नव्हता. कधी गेला, कसा गेला, हे कुणालाच नीट सांगता आले नाही. तो सर्वांचा होता ना.

३०/
आमच्या घरात आजही ‘आम्ही मोतीला सोडले’ असे कुणी म्हणत नाही. ‘मोती तिकडेच राहिला’ असे म्हणतात. वाक्याचा कर्ता बदलला की जबाबदारीही बदलते. गेल्या वर्षी प्रबंधासाठी १८३२ च्या दंगलीवर वाचन करताना मी आधी सहजपणे जमावाच्या बाजूने उभी राहिले होते. मग वेंदिदादातील त्या चौदा घरांच्या नियमापाशी आले आणि वाचन थांबले. ज्याचे घर सर्वांत जवळ, त्याने सांभाळायचे. मोतीला सर्वांत जवळचे घर आमचे होते.

३१/
तुमच्यापैकी कुणी पिलू घरी आणण्याच्या विचारात असाल, तर जात, रंग आणि नाव ठरवण्याआधी घरात बसून एका प्रश्नाचे उत्तर लिहून काढा : बदली, लग्न, परदेशातील शिक्षण, आजारपण, यांपैकी काहीही झाले, तर बारा-तेरा वर्षांनी हा कुणाचा असेल? उत्तरात एका माणसाचे नाव यायला हवे. ‘सगळे बघतील’ हे उत्तर नव्हे. तसे नाव सापडत नसेल, तर पिलू आणू नका. त्याऐवजी गल्लीतल्या एखाद्या कुत्र्याची लस आणि निर्बीजीकरण करून घ्या, आणि ते कुणी केले हे आळीला कळू द्या.

३२/
धागा येथे संपतो. तुमच्या गावात पांजरपोळ, जुना कोंडवाडा किंवा एखाद्या जनावराची समाधी असेल, तर तिच्याविषयी खाली जरूर लिहा; शक्य झाल्यास छायाचित्रही जोडा. पुढच्या धाग्यात कोंडवाड्यांची गोष्ट सविस्तर सांगेन. 🙏